अप्पांची सही बारीक का झाली

मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरमध्ये अप्पा हयातीच्या यादीवर सही करायला बँकेत गेले आणि काउंटरवरच्या मुलीने सही जुळत नाही म्हणून त्यांना परत करायला लावली, मग परत, मग अजून एकदा. दादा सोबत होता म्हणून निभावलं, मॅनेजर ओळखीचे होते, आधार कार्ड बघितलं आणि पेन्शन चालू राहिली. संध्याकाळी दादाने त्या कागदाचा फोटो मला पाठवला. पहिलं अक्षर नेहमीसारखं टपोरं, पुढचं त्याहून लहान, त्यापुढचं अजून लहान, आणि आडनावापर्यंत येता येता मुंगी चालत गेल्यासारखी नुसती रेघ.

अप्पा तलाठी होते, चौतीस वर्षं नोकरी झाली त्यांची. कराडच्या आसपासच्या बऱ्याच गावांत कुणी हाताने लिहिलेला जुना सातबारा काढला तर त्यावर अप्पांचं अक्षर निघेल, गटनंबरसुद्धा असे लिहायचे की छापल्यासारखे वाटावेत. त्या माणसाची ही सही. बघून पोटात कसंतरी झालं, पण मी काय केलं तर फोन करून म्हणाले थंडी पडलीये, हात गारठला असेल. अप्पा म्हणाले, "अगं वय झालं आता, ऐंशीला आलो, हात थरथरायचाच." झालं, विषय संपला.

ते "वय झालं" आमच्या घरात पुढचे चार महिने सगळ्यांच्या तोंडी होतं आणि त्या चार महिन्यांत अप्पांचे जे हाल झाले ते टळले असते असं आता कळतंय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसलेय. ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे आणि रोजच्या गोळ्यांचा डबा आहे त्यांनी निवांत वाचा.

तर झालं असं. आदल्या वर्षी गणपतीत अप्पांना गॅस आणि जळजळ फार झाली. जेवल्यावर पोट फुगायचं, ढेकर यायचे. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल दिली, पंधरा दिवसांसाठी. अप्पांना बरं वाटलं. पंधरा दिवस संपले पण कॅप्सूल संपली नाही, कारण मेडिकलवाल्याला रिकाम्या पाकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो नवीन पाकीट देतो, आणि हे फोटो पाठवण्याचं काम बऱ्याच वेळा मी पुण्यात बसून केलंय. पाकिटावर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं असतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. ते कुणी वाचलं नाही, मीही नाही.

साधारण पाच-सहा महिन्यांनी वहिनीच्या लक्षात आलं की अप्पा चपला घासत चालतात. आधी चप चप असा आवाज यायचा, आता फर्र फर्र. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. चेहरा गंभीर दिसायचा, नातवाने काही गंमत केली तरी हसू यायचं नाही, आम्हाला वाटायचं मनाला काहीतरी लागलंय. मग ती सही झाली.

सहीनंतर दादा त्यांना दुसऱ्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी दोन्ही हात पुढे धरायला लावले, चालवून बघितलं आणि कंपवात (पार्किन्सन्स) आहे म्हणाले. थरथर कमी व्हायला एक गोळी सुरू केली, ट्रायहेक्सिफेनिडिल नाव त्या औषधाचं. थरथर थोडी कमी झाली हे खरं. पण महिन्याभरात अप्पांचं पोट साफ होईना, चार-चार दिवस होईना, तोंड सारखं कोरडं पडायचं आणि लघवीला जाऊन दहा-दहा मिनिटं उभं राहायला लागायचं. बद्धकोष्ठासाठी इसबगोल आणि एक पातळ औषध आलं. लघवीसाठी तिसरे डॉक्टर, सोनोग्राफी, प्रोस्टेट थोडं वाढलंय म्हणाले (या वयात बहुतेक पुरुषांचं वाढलेलंच असतं) आणि रात्री घ्यायची टॅमसुलोसिन सुरू झाली.

आणि रात्री अप्पांना माणसं दिसायला लागली. हे लिहिताना अजूनही जड जातंय. एकदा मी शनिवारी मुक्कामाला होते, रात्री दोनला त्यांनी हाक मारली. पलंगावर उठून बसलेले, कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "कोतवाल कवाचा दप्तर घेऊन उभा आहे, त्याला बस म्हण की, चहा टाक." त्या कोतवालाला जाऊन वीस वर्षं झाली असतील. मी लाईट लावली, कोपऱ्यात छत्री होती. अप्पांनी छत्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना स्वतःलाच कळलं की आपलं काहीतरी चुकतंय, आणि त्या वेळचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. सकाळी आई म्हणाली, "म्हातारपणात भ्रम होतोच गं, माझ्या सासऱ्यांनाही व्हायचा." परत तेच.

पाडव्याच्या आधी आठ दिवस पहाटे बाथरूमला जायला म्हणून उठले आणि दारातच पडले. भुवईवर चार टाके. हाड मोडलं नाही हे नशीब, या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो.

तेव्हा मात्र मी त्यांना पुण्याला आणलं आणि ऑफिसमधल्या एकीच्या सांगण्यावरून एका फिजिशियन मॅडमकडे नंबर लावला, त्या वयस्कर पेशंटच जास्त बघतात. फोनवर त्यांच्या माणसाने सांगितलं की नुसत्या फायली आणू नका, पेशंट घेतो ती प्रत्येक गोळी पाकिटासकट आणा, बाम, चूर्ण, काढा, शेजाऱ्यांनी दिलेलं काही असेल तर तेपण. आम्ही कापडी पिशवी भरून नेली. टेबलावर ओतली तर अकरा वस्तू निघाल्या. अकरा! आम्हाला विचारलं असतं तर सहा-सात सांगितल्या असत्या.

मॅडमनी त्या अकरा वस्तू टेबलावर एका ओळीत लावल्या, आणि कशा तर सुरू केल्याच्या तारखेने. बीपीची आठ वर्षांपासून, ती पहिली. गॅसची कॅप्सूल गणपतीत. कंपवाताची नोव्हेंबरअखेर. पोट साफ व्हायचं औषध जानेवारी. लघवीची टॅमसुलोसिन फेब्रुवारी. मग एका कोऱ्या कागदावर खाली लिहिलं की चपला घासणं कधी, सही कधी, बद्धकोष्ठ कधी, कोतवाल कधी, पडले कधी. आणि कागद आमच्याकडे फिरवला. मला इंग्रजी नावं कळत नव्हती, पण तारखा कळत होत्या. प्रत्येक त्रासाच्या थोडं आधी एक नवीन गोळी होती.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दात सांगते. त्या गॅसच्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात, एक आम्ल कमी करणारं आणि दुसरं लेव्होसल्पिराइड, पोटातलं अन्न पुढे ढकलणारं. हे दुसरं डोपामिनचा, म्हणजे शरीरात निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, रस्ता अडवतं. पोटात अडवलं तर पोटाची हालचाल वाढते, त्यासाठीच ते दिलेलं असतं, पण ते मेंदूतही पोचतं आणि मेंदूत डोपामिन अडलं की जे होतं ते हुबेहूब कंपवातासारखं दिसतं, म्हणजे हळू चाल, कडक हात, निर्विकार चेहरा, बारीक होत जाणारं अक्षर. मुळात हे औषध मानसिक आजारांवरच्या औषधांच्या कुळातलं. त्यात ते बाहेर पडतं मुख्यतः किडनीवाटे आणि ऐंशीच्या माणसाची किडनी पूर्वीसारखी राहिलेली नसते, त्यामुळे तीच कॅप्सूल चाळिशीतल्या माणसाला जेवढी पडते त्यापेक्षा अप्पांना जास्त पडत होती. अमेरिकेत याला परवानगीच नाही, आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर मिळतं. असंच चक्करेवर सर्रास दिलं जाणारं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, ही सगळी म्हाताऱ्या माणसात असा खोटा कंपवात आणू शकतात.

मग त्या खोट्या कंपवातावर दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल. तिने तोंड कोरडं, पोट बंद, लघवी अडली, आणि रात्रीचा भ्रम. मग अडलेल्या लघवीवर टॅमसुलोसिन, ती रक्तवाहिन्याही सैल करते. मॅडमनी तिथेच अप्पांना आडवं झोपवून बीपी घेतलं, १४२/८०. उभं करून लगेच आणि मग तीन मिनिटांत परत घेतलं, १०८/६६. वरचा आकडा २० ने उतरला तरी धोका मानतात, इथे ३४ ने उतरला होता. पहाटे पलंगावरून उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येऊन पडले ते असे. चार महिने आम्ही बीपी मोजत होतो, रोज, पण खुर्चीत बसवून.

एका औषधाचा त्रास नवीन आजार समजून त्यावर दुसरं औषध, त्याच्या त्रासावर तिसरं, याला डॉक्टरांच्या भाषेत प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. पॉला रोचॉन आणि जेरी गर्विट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लिहिलं होतं, आणि त्यातलं एक उदाहरण पोटासाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडने कंपवातासारखी लक्षणं आणि मग त्यावर कंपवाताचं औषध असंच आहे. म्हणजे ही गोष्ट १९९७ पासून छापलेली आहे. साठ-पासष्टीच्या पुढच्या माणसांना कुठली औषधं शक्यतो टाळावीत याची यादी तर त्याच्याही आधी, १९९१ मध्ये मार्क बियर्स या अमेरिकन डॉक्टरांनी केली होती, तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आलीये, आणि कंपवातासाठी दिली जाणारी ती ट्रायहेक्सिफेनिडिल तिच्यात आहे.

मला कुठल्या एका डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये. तिघांनी आपापल्या समोरचा त्रास बघितला आणि त्यावर औषध दिलं, पण तिघांना मिळून पूर्ण अप्पा कुणीच दाखवले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं होतं दादाला, काय चालू आहे, दादा म्हणाला बीपीची एक गोळी, बाकी काही नाही, गॅसची काय एवढी. आपल्याकडे गॅसची गोळी, अंगदुखीची गोळी, झोपेची अर्धी गोळी हे औषधात मोजतच नाहीत. माझा राग आहे तो याच्यावर.

त्या रात्री दादा इतका चिडला की सगळा डबा कचऱ्यात टाकायला निघाला होता. हे अजिबात करू नका, अगदी हात जोडून सांगते. मॅडमनी निघताना बजावलं होतं की सगळं एकदम बंद करायचं नाही. बीपी-हृदयाच्या काही गोळ्या (मेटोप्रोलॉल वगैरे), झोपेची क्लोनाझेपाम, स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, डिप्रेशनच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं, आणि हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाची रक्त पातळ करायची गोळी तर कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा चुकवायची नाही. अप्पांचं त्यांनी टप्प्याटप्प्याने केलं. गॅसची कॅप्सूल त्याच दिवशी बंद, त्याजागी काही आठवडे नुसती साधी अ‍ॅसिडिटीची गोळी. ट्रायहेक्सिफेनिडिल तीन आठवड्यांत कमी करत करत बंद. लघवी मोकळी व्हायला लागल्यावर आणि सोनोग्राफीत लघवी मागे उरत नाहीये हे बघून मगच टॅमसुलोसिन थांबवली. प्रत्येक वेळी एकच बदल, म्हणजे काय कशाने झालं ते कळतं.

आधी रात्री सुधारल्या. दहा-बारा दिवसांत कोतवाल यायचा बंद झाला. पोट लायनीवर आलं. पण हात तसाच. एक महिना गेला तरी तसाच, दादा रोज फोनवर विचारायचा आणि मी रोज सांगायचे थांब, कारण मॅडमनी सांगून ठेवलं होतं की मेंदूतला परिणाम जायला काही आठवडे ते काही महिने लागतात, काहींना वर्ष लागतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक दिवस अप्पा गावी परत गेलेले असताना वहिनीचा फोन आला. म्हणाली, "ताई, ऐका," आणि फोन ओसरीकडे धरला. मला आधी कळेचना काय ऐकायचंय. चप, चप, चप. अप्पा अंगणातून चालत येत होते.

यानंतर मी घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आईचं सांगते. तिचं वय ७८, वजन ४४ किलो, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.१, नॉर्मलच्या रकान्यात. पण म्हाताऱ्या बारीक माणसाच्या अंगात स्नायूच कमी असतात, क्रिएटिनिन तयारच कमी होतं, त्यामुळे आकडा चांगला दिसतो आणि किडनी मात्र अर्ध्यावर आलेली असू शकते. डॉक्टर डोस ठरवताना किडनी किती काम करते याचा एक जुना साधा हिशोब करतात, १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, मग क्रिएटिनिनला ७२ ने गुणून त्याने भागायचं, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. आईचा आकडा येतो २९. तरुण माणसाचा शंभरच्या आसपास असतो. आई पायाची आग होते म्हणून प्रीगॅबालिन घेत होती, दिवसातून दोनदा, आणि ती किडनीवाटेच बाहेर पडते. दिवसभर तिला गुंगी असायची, पोथी वाचता वाचता मान खाली जायची, आणि आम्ही काय म्हणत होतो ते सांगायला नको. आता रात्रीची एकच आहे, कमी पॉवरची. दुपारी जागी असते, सुनेच्या भाजीला नावं ठेवते.

मावशीचं थोडक्यात. तिला बीपीसाठी अ‍ॅमलोडिपिन १० ची होती, पाय सुजले, त्यावर लघवीची गोळी दिली, उन्हाळ्याचे दिवस, त्यात तिने बीपी म्हणून मीठ सोडलेलं, आठवड्याभरात असंबद्ध बडबडायला लागली, सोडियम १२१ निघालं (१३५ च्या वर पाहिजे), तीन दिवस आयसीयू. अ‍ॅमलोडिपिनने घोट्याला येणारी सूज ही बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी झिरपल्याने येते, अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. डोस कमी करून किंवा औषध बदलून जाते. हे मावशीला डिस्चार्जच्या वेळी कळलं.

आम्ही आता काय करतो ते सांगते. एक वही आहे, शंभर पानी, साधी. नवीन गोळी आली की तारीख, औषधाचं मूळ नाव (पाकिटावर ब्रँडच्या नावाबरोबर छापलेलं असतं ते, कारण दोन डॉक्टर दोन ब्रँडने एकच औषध देऊ शकतात), कुणी दिली, कशासाठी, किती दिवस. हे "किती दिवस" वहिनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय केबिनच्या बाहेर येत नाही. मेडिकलवाल्याने पाकीट कापून चार गोळ्या दिल्या तर नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडाच मागून घ्यायचा. आणि घरात कुणाला नवीन काही झालं, चक्कर, पडणं, गोंधळ, सूज, भूक जाणं, लघवीचा त्रास, अचानक झोपाळूपणा, तर आधी वही उघडून मागच्या दोन-तीन महिन्यांत काय सुरू झालं किंवा कशाचा डोस वाढला ते बघायचं आणि डॉक्टरांना सरळ विचारायचं की डॉक्टर, हे एखाद्या औषधाने होत असेल का? पहिल्यांदा विचारताना मला संकोच वाटला होता, डॉक्टरांना आवडणार नाही असं वाटलं होतं. ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी थांबून पाकिटं परत बघितली.

अर्थात सगळंच औषधामुळे असतं असं नाही. एकदम बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, छातीत दुखलं, शुगरच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला दरदरून घाम सुटून बोलणं भरकटलं, तर वही-बिही काही उघडत बसू नका. शेवटच्या केसमध्ये माणूस नीट गिळू शकत असेल तर लगेच साखर तोंडात घाला, नाहीतर तसंच दवाखान्यात पळवा, आणि बाकीच्यात तर सरळ दवाखाना.

अजून एक, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. औषधाचा त्रास झाला तर तो सरकारला कळवता येतो आणि पेशंट किंवा घरचे कुणीही कळवू शकतात. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया नावाचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, आणि साध्या माणसांसाठीचा त्यांचा फॉर्म मराठीतही आहे. मी तो प्रिंट काढून गावी नेला. ऑगस्ट होता, कॅप्सूल बंद होऊन चार-पाच महिने झाले होते. मी लिहायला पेन उघडलं तर अप्पा म्हणाले, "आण इकडं, फॉर्म भरण्यात माझी हयात गेलीय." चष्मा लावला, पाट मांडीवर घेतला आणि रकान्यामागून रकाना भरत गेले. औषधाचं नाव लिहिताना एकदा थांबले, पाकीट डोळ्याजवळ नेलं, एकेक अक्षर उतरवून काढलं. शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर तेवढंच होतं. लेव्होसल्पिराइडमधला "ल" पहिल्या ओळीतला आणि शेवटच्या ओळीतला मी शेजारी शेजारी धरून बघितला.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र अजून हलतं, विशेषतः टीव्ही बघताना, आणि ते एकाच बाजूला आहे. मॅडम म्हणाल्या की औषधाचा कंपवात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा असतो, खरा एका बाजूने सुरू होतो, तेव्हा कदाचित आतून खरा थोडा सुरू होताच आणि त्या कॅप्सूलने तो आधीच वर आणला, किंवा अजून पूर्ण उतरायचं असेल. आत्ता औषध काही नाही, दर तीन महिन्यांनी चालून दाखवायचं आणि एक ओळ लिहून दाखवायची. पुढची तारीख शिमग्यानंतरची आहे. गॅस अजूनही होतो त्यांना, पण आता रात्रीचं जेवण सातला आणि हरभऱ्याची डाळ बंद, तेवढ्यावर भागतंय.